सोनकीच्या मुठीतला जांभळा खडा

काळखोऱ्याच्या टोकाला, दगडाच्या खाणीशेजारी, एका गवती खोपटात सोनकी आणि तिची आई राहायच्या. आई दिवसभर खडी फोडायची आणि सात वर्षांची सोनकी इवल्याशा टोपलीतून ती वाहायची. कधी भाकरी मिळायची, कधी नुसतं पाणी पिऊन निजायचं. तरी आपल्या चतकोरातले दोन घास सोनकी खाणीतल्या लंगड्या कुत्रीला द्यायचीच.

एका सकाळी ती ओढ्यावरून पाणी घेऊन येत होती. बघते तर काय, डोंगराच्या भेगेतून धुकं वर येत होतं. मोरपिसासारखं निळंनिळं, चमचमणारं! दिसायला सुंदर, पण ज्याच्या नाकातोंडात गेलं त्याचं भानच हरपत होतं. माणसं हातातलं काम टाकून उठली आणि उघड्या डोळ्यांनी, गप्पगार, कड्याकडे चालू लागली. त्यांत आईसुद्धा होती.

"आई! अगं थांब ना!"

आईने वळून पाहिलं. तिचे डोळे निळे झाले होते आणि त्यांत ओळख नव्हती.

सोनकीच्या हातून घागर निसटली. ती रडत रडत राईत पळाली आणि ठेचकाळून पडली. समोर एक करडा दगड दुभंगलेला होता. त्याच्या पोटात लखलख पांढरे स्फटिक, आणि त्यांच्या मधोमध अंगठ्याएवढी परी! चतुराच्या पंखांसारखे तिचे पंख थरथरत होते.

"घाबरलीस, बाळ?"

"खूप! परीताई, माझ्या आईला परत आणा ना."

परीने एक पांढरा खडा तिच्या हातावर ठेवला. "यात एकच इच्छा आहे. हा ज्याच्या तळहातावर ठेवशील, तो भानावर येईल. पण एकच जण हं. आणि तोवर मूठ सोडू नकोस. सोडलीस, तर धुकं तुलाही नेईल."

सोनकी धुक्यात शिरली. हाताला हात दिसेना. कानाशी आईचाच आवाज कुजबुजला, "सोनुले, टाक तो खडा. ये, गरम भाकरी देते." सोनकीला हुंदका आला, पण तिने मूठ आणखी आवळली. खड्याच्या धारा तळव्यात रुतल्या आणि रक्ताचे थेंब खड्यावर ओघळले.

कडा आला. रांगेत सगळ्यांत पुढे होते बागवाले दाजीबा. पडलेला एक पेरू उचलला म्हणून तिच्यावर काठी उगारणारे तेच दाजीबा. ते आणि दरी यांच्यात एकच पाऊल उरलं होतं. आई दहा पावलं मागे होती, आणि तीही चालतच होती.

सोनकीने एकदा आईकडे, एकदा दाजीबांकडे पाहिलं. "आई, मी काय करू गं?" ती पुटपुटली. दाजीबांचं पाऊल उचललं गेलं, तशी तिने धावत जाऊन खडा त्यांच्या तळहातावर दाबला.

"अरे देवा! मी कुठं आलो?"

"आजोबा, मागं सरा!"

एवढंच ती बोलली. मग धुकं तिच्या नाकात शिरलं. तिचे डोळे निळे झाले आणि ती दरीकडे चालू लागली. दाजीबांनी झडप घालून तिला कवेत घेतलं. "पोरी, अगं पोरी, शुद्धीवर ये!" म्हातारा ओक्साबोक्शी रडू लागला.

त्यांच्या हातातला खडा धुकं पिऊ लागला. आधी रक्ताने लाल झालेला, आता निळाई पिऊन जांभळा, पिकल्या जांभळासारखा गर्द! सोनकीच्या डोळ्यांतली निळाईही ओसरली. झगमगत परी वर आली. "इच्छा एकच होती," ती हळुवार म्हणाली, "पण स्वतःची आई मागे ठेवून तू ती दुसऱ्याला दिलीस. आता या डोंगरातला दगड न् दगड धुकं पिईल. जांभळा खडा म्हणजे भान. आणि तुम्हा दोघींना पुन्हा उपास घडणार नाही."

डोंगरभर दगडांची पोटं जांभळी होत गेली. धुकं विरलं. माणसं जागच्या जागी थांबली, डोळे चोळू लागली. परी उजेडाची ठिणगी झाली, मग नुसता उजेड, मग तोही उन्हात मिसळून गेला.

आई धावत आली. तिने सोनकीची मूठ उघडली आणि जखमेवर हलकेच फुंकर घातली. तेव्हा कुठे सोनकी मोठ्याने, पोटभर रडली.