बैलांशिवाय पळालेली गाडी

चूक करंजवड्याच्या राजेसाहेबांचीच होती! मोटार हाकताना त्यांचे डोळे रस्त्यावर नव्हते, आरशात होते. मिशीचं टोक बघण्याच्या नादात त्यांनी ओढ्याकाठी उभ्या असलेल्या गुळाच्या बैलगाडीला धडक दिली.

अपघात झाला की माणसं आधी कुणाला लागलं का ते बघतात. करंजवड्यात आधी सरकारांची मिशी बघतात. पाटील, कारभारी आणि गुरव, गावचे तिन्ही शहाणे म्हातारे धावत आले आणि सरकारांचा कोट झटकू लागले. ढेपांखाली अडकलेला गाडीवानाचा पाय त्याच्या पोरीने, सगुणाने, एकटीने सोडवला.

"गाडीच आमच्या अंगावर आली!" राजेसाहेब गरजले.

"आलीच की!" पाटील म्हणाला.

"भरधाव!" कारभाऱ्याने जोड दिली.

"बेलभंडार उचलून शपथ घ्याल?" सगुणाने विचारलं.

गुरवाने झोळीतून बेलभंडार काढला आणि तिघांनी तो बेधडक उचलला. म्हाताऱ्यांना देवाचं भय असतं म्हणे. असेल! सरकारांनंतर.

"ऐकलंस, पोरी?" राजेसाहेब म्हणाले. " सांजेपर्यंत मोटार होती तशी करून दे. नाहीतर दोन्ही बैल जप्त!"

बैल गेले की घरातली चूल विझलीच. पण सगुणा रडली नाही. तिने ओढ्याकडे बोट केलं. बैल गुडघाभर पाण्यात निवांत उभे होते आणि गाडीचं जू जमिनीला टेकलं होतं.

"म्हणजे माझी गाडी बैलांशिवाय भरधाव आली, सरकार! तुमच्या मोटारीला तेल तरी लागतं. बसा गाडीत. पळाली तर गाडी तुमची, बैलही तुमचे. नाही पळाली तर मोटार माझी!"

नाही म्हणावं, तर बेलभंडार खोटा ठरत होता. राजेसाहेब मुकाट गाडीत चढले. गाडी ढिम्म!

"पळव की!"

"मी कशी पळवू? ज्यांनी पळताना बघितली ते डोळे यांचे. पाटीलबाबा, शपथ खोटी पडली तर देव आहे, आणि समोर सरकारही आहेत!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पाटलाने जुवाखाली मान घातली, दुसऱ्या बाजूने कारभाऱ्याने घातली, मागून गुरवाने खांदा लावला. गाडी कुरकुरत सरकली.

"पळतेय, सरकार!" पाटील धापा टाकत ओरडला.

"पळतेय खरी," सगुणा म्हणाली, "पण बैलांशिवाय कुठे?"

राजेसाहेब हसता हसता गाडीतून घरंगळायचेच बाकी राहिले!

"जिंकलीस, पोरी! चल, बापाला मोटारीत घाल. वैद्याच्या दारापर्यंत आम्ही हाकतो. मालकीणबाई, चालेल ना?"

"चालेल. पण आरसा काढून ठेवा!"

त्या अपघातात राजेसाहेबांची मोटार गेली.