मागितलेलं मूल

“मग माझी श्रद्धा कुठं कमी पडली, तेवढं सांगा!”

विश्वंभरचा आवाज चढला होता. मठात इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नसे. पण आज त्याला कसलंच भान नव्हतं.

गोदाआई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कमी पडली असं कोण म्हणालं?”

“परवा पुन्हा सोनोग्राफी केली. तेच आलं. तसूभर फरक नाही.”

“हं…”

आता विश्वंभर म्हणजे काही ऐरागैरा शिष्य नव्हे. गोदाआईंच्या मठात दर गुरुवारी प्रवचन करायचा तो. श्रद्धेवर बोलावं तर त्यानंच, असं मठाच्या टेकडीखालच्या गावात सगळे म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, ते त्यालाही पटलेलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. फक्त देवाशी आपलं थेट बोलणं चालतं, असा त्याचा पक्का समज होता.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्याच्या बायकोला, शालनला, दिवस गेले. सगळं गाव हरखलं. आणि पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की बाळाची कवटी धरलेली नाही, मेंदू वाढलेला नाही. यावर इलाज नाही. जन्मलं तरी काही तासांचंच असेल. पुढं जायचं की इथंच थांबायचं, ते तुम्ही ठरवा.

दोघांनीही पुढं जायचं म्हटलं. तिनं का म्हटलं, ते त्यानं विचारलं नव्हतं.

“मी काय करायचं बाकी ठेवलंय, आई?” विश्वंभर एकेक बोट दुमडत सांगू लागला. “मीठ सोडलं. अनवाणी फिरतो. पहाटे देवळात जातो तो दिवस मावळल्यावर घरी येतो. घरात कुणी रडायचं नाही, अभद्र बोलायचं नाही, असं बजावून ठेवलंय. आणि सातव्यात डोहाळजेवण केलं! अख्ख्या गावाला जेवायला घातलं. हिला फुलांचे दागिने घातले, झोपाळ्यावर बसवलं. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. हिनं पेढ्याची उघडली. ‘मुलगा, मुलगा!’ म्हणून बायकांनी नुसता गलका केला. डॉक्टर काहीही म्हणोत, माझा देव खोटा पडणार नाही, असं मी भर मांडवात सांगितलं. एवढी छाती कुणाची आहे?”

“छाती आहे खरी,” गोदाआई म्हणाल्या. “आणि शालन? पेढा निघाल्यावर तिनं काय केलं?”

“हसली.”

“तू बघितलंस?”

“मी… मी लोकांकडं बघत होतो.”

गोदाआईंनी वळलेली वात ताटलीत ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

“रोज देवापुढं काय मागतोस? मला म्हणून दाखव.”

विश्वंभरला जरा बरं वाटलं. हे त्याच्या हातातलं काम होतं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि प्रवचनातल्या त्या कमावलेल्या आवाजात तो म्हणाला, “देवा, मला निरोगी, धडधाकट, दीर्घायुषी मूल दे. चारचौघांसारखं हसतंखेळतं मूल दे. एवढंच दे.”

“छान मागतोस. हे मूल कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? माझंच.”

“आणि शालनच्या पोटात आहे ते?”

“तेच की, आई!”

“ते कुठं धडधाकट आहे? जे आहे, जसं आहे, त्याच्यासाठी कधी काही मागितलंस?”

विश्वंभरनं डोळे उघडले. “तसं मागितलं तर मान्य केल्यासारखंच झालं ना? मग श्रद्धा ती कसली?”

“बरं बाबा. मग असं धर, नाही राहिलं ते. डॉक्टरीण म्हणाली तसंच झालं. तर तुझं काय जाईल?”

“तर लोक म्हणतील, विश्वंभरची श्रद्धा…”

त्यानं जीभ चावली, पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

काय जाईल, एवढंच विचारलं होतं. त्याच्या तोंडात आधी लोक आले. मूल आलंच नाही.

गोदाआईंनी दाराकडं बघून हाक मारली, “शालन, आत ये गं.”

शालन बाहेर ओट्यावर बसली होती. आईंपुढं रडशील, म्हणून विश्वंभरनंच तिला बाहेर बसवलं होतं. ती भिंतीला धरून आत आली आणि सावकाश खाली टेकली. तिला हात द्यावा, हे काही त्याला सुचलं नाही.

“काय गं पोरी, तू काय मागतेस देवाजवळ?”

“काही नाही, आई.” तिनं नवऱ्याकडं चोरून बघितलं. “मला वेळच नसतो.”

“अगंबाई! एवढी कसली गडबड?”

“ह्याला सगळं दाखवायचं असतं ना.” तिचा हात पोटावर गेला. “ह्याला ऐकू येतं का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. म्हटलं, आपण आपलं सांगत राहावं. सकाळी सांगते, ही चिमण्यांची कलकल. हा दूधवाला आला. कुकरची शिट्टी होईल हं आता, दचकू नकोस. संध्याकाळी गच्चीवर नेते, वारा दाखवायला. बाहेर आल्यावर असा कितीसा वेळ मिळणार… आत आहे तोवर होईल तेवढं करायचं.”

तिचा आवाज जराही कापला नाही. घरात रडायचं नाही, हे तिनं चांगलं अंगवळणी पाडून घेतलं होतं.

“आणि बापाविषयी काय सांगितलंस?”

शालननं पुन्हा नवऱ्याकडं बघितलं.

“बोल. तो काही रागावणार नाही.”

“सांगते की… बाबा देवळात आहेत.”

“कधी सांगतेस?”

“पोटात हलला की. सकाळी, दुपारी, कधीही. रोज तेच सांगते. दुसरं काही सांगण्यासारखं नसतं, आई.”

विश्वंभरला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. पाचव्या महिन्यापासून त्यानं बायकोच्या पोटाला हात लावला नव्हता. व्रत आहे, असं तिला सांगितलं होतं आणि स्वतःलाही तेच सांगत आला होता. कसलं व्रत न् काय! त्याला भीती वाटत होती. हाताखाली काहीतरी हलेल, आणि मग ते आपलं होईल, ही भीती. देवळात तो देवासाठी जातच नव्हता. घरी थांबायला नको, म्हणून जात होता. आणि ही बाई मात्र त्याची अब्रू झाकत होती, तीही कुणापुढं, तर पोटातल्या लेकरापुढं.

तो पुढं सरकला आणि गोदाआईंच्या पायांवर वाकला.

आईंनी पाय मागं घेतले.

“इकडं कशाला येतोस?”

विश्वंभर तसाच गुडघ्यांवर शालनकडं वळला. त्याचा हात उठला, अर्ध्या वाटेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. शालन त्या हाताकडं बघत राहिली. तिनं तो ओढूनही घेतला नाही आणि ती मागंही सरली नाही.

“हात धजत नाही, आई,” तो म्हणाला. प्रवचनातला आवाज कुठल्या कुठं गेला होता. “इतके दिवस मी ह्याला मूल म्हणून धरलंच नाही. आता कुठल्या तोंडानं जवळ जाऊ? लाज वाटते मला… एवढ्याशा जिवापुढं लाज वाटते.”

गोदाआईंनी वातींची ताटली बाजूला सारली.

“लाजत बसायला तुझ्यापुढं अख्खा जन्म पडलाय, विश्वंभर. त्याला तेवढी सवड नाही.”