एका गाण्याची वाटणी

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे होते की नव्हते ते नक्की आठवत नाही, पण गाणं ऐकायला माणसं आपणहून एका जागी बसत, एवढं पक्कं आठवतं.

समुद्रकाठच्या एका गावात दोन भाऊ राहत होते. त्यांचे वडील बोटीवर खलाशी. एका सफरीहून येताना त्यांनी तबकड्या वाजवणारा एक जडशीळ रिसीव्हर आणि दोन स्पीकर आणले. रिसीव्हर चालू केला की काचेमागे पिवळा उजेड पडायचा. तबकडी लावली की एका स्पीकरमधून गवयाचा गळा यायचा, दुसऱ्यातून तबला. वडिलांच्या एका मांडीवर थोरला बसायचा, दुसरीवर धाकटा. चुलीवर आमटी आटून जायची आणि आई कुरकुरत का होईना, दारात उभी राहून ऐकायची. काय ते दिवस होते!

पुढे वडील गेले, आई गेली आणि घराची वाटणी झाली. मधे भिंत आली. रिसीव्हर काही करवतीने कापता येईना. मग पंचांनी तोड काढली. रिसीव्हर थोरल्याकडे राहील, पण भिंतीला भोक पाडून, त्यातून तार ओढून एक स्पीकर धाकट्याच्या घरात न्यायचा. डावा-उजवा आवाज कमी-जास्त करणारं बटण बरोबर मधोमध ठेवायचं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

रोज सकाळी थोरला तबकडी लावी. गळा त्याच्याकडे, तबला धाकट्याकडे. धाकट्याला तेवढ्यावर समाधान होतं. ठेका ऐकला की त्याला वडिलांची मांडी आठवे, आणि भिंतीपलीकडे दादा उठलाय हेही कळे.

एके सकाळी त्याचा स्पीकर खरखरला आणि गप्प झाला. पलीकडे गाणं चालूच होतं. दादानेच बटण स्वतःकडे फिरवलं असणार, असं तो पुटपुटला आणि तेवढ्यात पाल चुकचुकली. बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं, असं त्या गावात मानत. पालीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, किडा हुकला म्हणून चुकचुकले. पण शंका आलेला माणूस साक्षीदाराला उलट प्रश्न विचारत नाही.

धाकटा थोरल्याशी बोलेनासा झाला. दादा समोरून आला की हा वाट बदलू लागला. सणाला वहिनीने पाठवलेलं ताटही त्याने परत केलं. शेवटी एक दिवस, तार तोडून भोक कायमचं बुजवायचं ठरवून तो पक्कड घेऊन थोरल्याच्या घरी गेला.

बटण बरोबर मधोमध होतं. आता एवढा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. स्पीकर बंद पडलाय, एवढंच तो कसंबसं बोलला.

थोरल्याने वडिलांची रीत काढली. खोट शोधायची तर आधी तारांच्या जागा बदलायच्या. त्याने रिसीव्हरच्या मागे आपली तार धाकट्याच्या जागी लावली, धाकट्याची आपल्या जागी, आणि तबकडी सुरू केली. भिंतीपलीकडून गळा ऐकू आला आणि थोरल्याचा स्पीकर मुका झाला. म्हणजे तार ठीक, स्पीकर ठीक, बिघाड रिसीव्हरच्या पोटात.

पण थोरल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो त्या मुक्या स्पीकरपुढे बसून राहिला.

"एवढे दिवस तू हे ऐकत होतास?" त्याने विचारलं. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, दादा, तूच..." धाकट्याने हातातली पक्कड खाली ठेवली.

प्लग काढून, थोडं थांबून दोघांनी झाकण उघडलं. त्या मधल्या बटणाच्या आत काळा मळ धरला होता. एकमेकांना संशय नको म्हणून वर्षानुवर्षं ते कुणी फिरवलंच नव्हतं, आणि न फिरवल्यानेच ते बिघडलं होतं. थोरल्याने स्पिरिटच्या बोळ्याने मळ पुसला. धाकटा बटण डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहिला.

दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हे पाहायला त्याने आपला स्पीकर उचलून इकडे आणला. गळा आणि तबला वाटणीनंतर पहिल्यांदाच एका खोलीत भेटले. दोघांचेही डोळे भरून आले.

तो स्पीकर पुन्हा भिंतीपलीकडे गेला नाही. आता गाणं ऐकायचं तर धाकट्याला रोज सकाळी थोरल्याच्या घरी यावं लागे, आणि तो येई.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जागी बसून पाहिल्याशिवाय खोट कुठे आहे ते कळत नाही.