पहिल्या मताआधीची शाई

रंगराव जगदाळे सरपंचपदाला उभा होता आणि माळावरच्या वस्तीतल्या बायका आपल्याला मत देणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग या माजोरड्यानं काय करावं? मतदानाच्या आदल्या दिवशी कुठून तरी पैदा केलेली शाईची बाटली घेऊन तो वस्तीत शिरला आणि एकेकीचा हात पिरगाळून बोटाला शाई फासली. वर म्हणाला, "आता उद्या घरी बसा!"

गोजराबाई वाघमोडेनं हात हिसडला, तेव्हा बाटली त्याच्याच हातावर उपडी झाली.

सकाळी केंद्र उघडायच्या आधीच गोजराबाई सगळ्या बायकांना घेऊन दारात उभी. दार उघडलं. आत उमेदवार म्हणून रंगराव उपरण्याखाली हात घेऊन बसलेला. तिचं काळं बोट दिसताच तो गरजला, "साहेब, हिचं मत देऊन झालंय. हाकला हिला!"

केंद्राध्यक्ष म्हणाले, "बाई, दुसऱ्यांदा मत देता येत नाही."

"दुसऱ्यांदा?" गोजराबाई कडाडली. "साहेब, रांगेत पहिली मी. तुमच्या शाईच्या बाटलीचं सील अजून तसंच आहे. मग मी मत दिलं कधी, अन् ही शाई आली कुठून?"

केंद्राध्यक्षांनी बाटली उचलून सील तपासलं. तसंच होतं.

"ही शाई धुऊन जात नाही ना? मग यांना म्हणावं, उपरण्यातला हात काढा बाहेर!"

रंगराव हलेना. दारावरच्या पोलिसानं उपरणं ओढलं. अख्खा पंजा काळाकुट्ट.

गोजराबाईनं दुसरं बोट पुढं केलं. "लावा इथं. ही माझ्या मताची."