उलट्या पाण्यानं आलेली होडी

बाळांनो, आधी मला एक सांगा, भरवसा कुणावर टाकावा? गोड बोलतो त्याच्यावर? अंगात भारी कोट असतो त्याच्यावर? धरणाच्या काठी माझं दुकान होतं. गळ, दोरा, शेंगदाणे, लिमलेटच्या गोळ्या, सगळं एकाच फळीवर. तिथं बसून मी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली. एक गोडबोले पाहुणे "आत्ता आणून देतो" म्हणून माझी छत्री घेऊन गेले. ती अजून येतेच आहे! म्हणून म्हणतो, उत्तराची घाई नको. आधी केशरची गोष्ट ऐका.

काय दिसायचं हो तेव्हा आमचं धरण! सकाळी पाणी दुधाळ, दुपारी मोरपंखी, सांजेला डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाललाल. भिंतीच्या पायथ्याशी बाग, बागेत इवली इवली कारंजी. रविवारी शहरातली माणसं डबे घेऊन यायची. केशरची आई हौसाबाई त्यांना होडीतून जलाशयात फिरवून आणायची. एरवी त्याच होडीतून ती जाळं टाकायची. मायलेकींचं पोट त्या एका होडीवर.

आणि एका वादळात ती होडी खडकावर आपटली. पार दुभंगली.

"केशरबाय," हौसाबाई म्हणाली, "दसऱ्यापत्तुर होडी झाली न्हाई, तर ऊसतोडीला जावं लागंल. ह्ये पानी सुटलं म्हन आपलं."

 लाटांची चुळुकचुळुक ऐकल्याशिवाय केशरला झोपच यायची नाही.

दुसऱ्या दिवशी ती काटक्या वेचायला पाटाकडे गेली. शेतांना पाणी देऊन पाट नुकताच बंद झालेला. तळाशी परातीएवढं एकच डबकं उरलं होतं, आणि त्यात काहीतरी चमचमत होतं. मासोळी असेल म्हणून केशर वाकली. बघते तर काय! बोटाएवढी परी! चतुराच्या पंखांसारखे निळे-सोनेरी पंख, केसांत मोत्यांसारखे बुडबुडे.

"बघत काय बसलीस?" परी रडवेली होऊन म्हणाली. "मी धरणातली पाणपरी. पाण्याबरोबर गंमत बघायला बाहेर आले, आणि पाटकऱ्यानं मागून दारच लावून घेतलं!"

"अगं, मग ही करवंटी पडलीया, हिच्यात बस की. नेते तुला वर."

"नको गं बाई! आलं त्याच वाटेनं परत जायचं, असा आमचा नियम. दुसऱ्या वाटेनं नेलंस तर मी वाफ होऊन उडेन."

मग केशरनं डबक्यावर करंजाच्या पानांची सावली केली. कारंज्याचं पाणी करवंटीनं आणून आणून ओतलं. तेवढ्यात बागेचा राखणदार गेणूमामा शिट्टी फुंकत आला. त्याला डोळ्यांनी अंधुक दिसायचं, म्हणून तो वाळत घातलेल्या टॉवेलवरसुद्धा शिट्टी फुंकायचा.

"ए बेडके! कारंजं घरी नेतीस का काय?"

"न्हाई मामा, डबक्याला पाजते!"

"डबक्याला?" मामा डोकं खाजवत निघून गेला.

परी खुदकन हसली. "केशर, तू माझ्यासाठी राबलीस. तीन इच्छा माग. पण इच्छा पाटानं जाते, बरं का! पाटाचा कायदा ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं? पाणी सुटलं की पहिला मान पाटाच्या शेपटाचा, म्हणजे अगदी टोकाच्या शेताचा. मग मधल्यांचा. धरणाशेजारच्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी. नाहीतर वरचेच सगळं पिऊन टाकतील!

"म्हणून मागण्याआधी," परी म्हणाली, "तुझ्या मागं कोण उरलंय ते खरं खरं सांगायचं. इच्छा आधी त्याची. एकाला जरी गाळलंस, तरी इच्छा वाळूत जिरेल."

केशरच्या ओठांवर 'होडी' आलीच होती. तिनं ती गिळली. "शेपटाला भीमाआजी ऱ्हाती. पान्याच्या दोन पाळ्या झाल्या, पर वरचेच कायदा मोडून पानी घेत्यात, तिच्या वांग्यांपत्तुर पोचलंच न्हाई."

परीनं पंख फडफडवले. चांदीच्या सुतासारखी एक धार पाटातून नाचत गेली. लांब टोकाला सुकलेली वांगी जांभळी जांभळी हसली.

"आता कोण?"

"आता..." केशरनं सुस्कारा सोडला. "गेणूमामा. लई वरडतो मला. पर त्याला दिसतच न्हाई, त्यो तरी काय करंल?"

पुन्हा पंख हलले. तिकडे मामा दचकून ओरडला, "आरं तिच्या! हा टॉवेल हाय व्हय!"

केशर हसत वळली, आणि तिचं हसू मावळलं. डबकं आता वाटीएवढं झालं होतं. प्रत्येक इच्छा त्याच डबक्यातलं पाणी नेत होती! करवंटीनं ओतलेलं पाणी वाळू घटाघटा पीत होती. परीचे पंख कोमेजले होते.

"आता एकच उरली," परी हळूच म्हणाली. "माग तुझी होडी. माग लवकर."

केशरच्या डोळ्यांपुढे होडी आली, आईचे हात आले, रात्रीच्या लाटा आल्या. पण तिनं परीकडे बघितलं, आणि तिला रडूच फुटलं.

"माझ्या मागं अजून एक हाय. तू! तू कुटं घरी पोचलीस? जा, आदी तू घरला जा."

परीचे डोळे लकाकले. "वेडाबाई! शेपूट भरलं की पाण्याचा फुगवटा मागं येतो, आणि मग शेवटचा नंबर तुझाच, विसरलीस?"

तोच पाटाच्या टोकाकडून पाणी चढायला लागलं. उलटं, वर वर, धरणाकडे! झुळझुळ, छुमछुम! परी त्यावर कमळाच्या पाकळीसारखी तरंगली. आणि गेणूमामा बांधावरून आरोळ्या ठोकू लागला, "बेडके! आगं ए बेडके! होडी येतीया, उलट्या पान्यानं!"

खरंच! निळ्या रंगाची कोरी होडी, ताज्या लाकडाचा वास, आत पिवळी वल्ही. फुगवट्यावर डुलत डुलत ती केशरच्या पायांशी येऊन थांबली. परीनं तिच्या गालावर एक गार थेंब ठेवला. मग पाटाच्या दाराच्या फटीत सूर्य मावेल एवढा उजेड झाला, आणि त्या उजेडात परी विरून गेली.

मायलेकींचं पाणी सुटलं नाही. होडीचं नाव केशरनं 'शेपटी' ठेवलं. त्या होडीत मी कितीदा बसलो! आता तिथं भुरकन जाणाऱ्या मोटारबोटी आल्यात, पण 'शेपटी'चं ते डुलणं त्यांना नाही. माझी दुसरी छत्री मी त्या होडीत खुशाल विसरायचो. केशर ती सुकवून, घडी घालून दुकानात आणून द्यायची.

आता सांगा बरं, भरवसा कुणावर टाकावा?

कळलं ना? मग लेकरांनो, या म्हाताऱ्या दुकानदाराचं एक मागणं आहे. खाऊ वाटा, खेळ वाटा, नाहीतर पाणी वाटा. हिशेब सरळ ठेवा. 'माझ्या मागं कोण उरलं?' इथून मोजायला लागा, आणि कुणी बघत नसलं, तरी एकालाही गाळू नका.