झारीतली परी आणि आईचा आवाज

ढग जिथे अंगण झाडायला खाली उतरतात, अशा उंच डोंगरावर एक शाळा होती आणि शाळेमागे एक बाग होती. बागेत गुलाब तरी किती रंगांचे. लाल, पिवळे, केशरी, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात दुधावरच्या सायीसारखे दिसणारे पांढरे. पण त्या बागेला पाणी घालणाऱ्या सगूच्या घरात मात्र रंग म्हणून नव्हता. मातीची एक खोली, वर पत्रा, आणि आत सगू आणि तिची आई हौसा. सगू रांगत होती तेव्हाच तिचे वडील वारले. पुढे आईचा उजवा हात दुखायला लागला, भरलेली झारी तिला उचलवेना. म्हणून सगूने दुसरीतूनच शाळा सोडली आणि झारी हातात घेतली.

कधीकधी घरात एकच भाकरी असायची. मग आई म्हणायची, "मला आज भूकच नाही बघ." सगू म्हणायची, "मलापण नाही." आणि दोघी एकमेकींच्या खोटेपणाकडे बघत तीच भाकरी अर्धी अर्धी खायच्या. जेवण झालं की आई गाणं म्हणायची. आवाज काही गोड नव्हता, जरा घोगराच होता. पण तो कानावर पडला की सगूला वाटायचं, कुणीतरी अंगावर गोधडी घातली.

त्या शाळेत समुद्रापलीकडून मुलं यायची, इंग्रजी शिकायला. वर्गाच्या खिडकीखाली मोगऱ्याचे वाफे होते. त्या वाफ्यांना पाणी घालायला सगूला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. का, ते तुम्ही ओळखलंच असेल. पाणी घालता घालता तिला पुष्कळ इंग्रजी शब्द यायला लागले होते.

एक दिवस शाळेत नवी मुलगी आली. सफरचंदासारखे गाल, दोन काळ्याभोर वेण्या, आणि तोंडातून शब्द नाही. मधल्या सुट्टीत ती एकटीच गुलाबांपाशी येऊन उभी राहिली आणि फुलाकडे बोट करून हळूच म्हणाली, "सारनाय."

"नाही गं, गुलाब," सगू म्हणाली. "इंग्रजीत रोज."

मुलीने मान हलवली, आणि मग आपल्या छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणाली, "सारनाय."

तेव्हा सगूला समजलं. तिच्या देशात गुलाबाला सारनाय म्हणतात, आणि तिच्या आईने तिचं नाव गुलाबच ठेवलं होतं.

तेव्हापासून दोघी रोज वाफ्यापाशी बसायला लागल्या. सगूने पानाला हात लावला की म्हणायचं लीफ, काट्याला लावला की थॉर्न. एकदा काटा खरंच टोचला, तर सारनाय सगूचीच नक्कल करत म्हणाली, "आई गं." सगू हसून हसून चिखलात बसली. मग सारनाय काडीने मातीत चित्रं काढायची. गोल तंबू. घोडे. तंबूच्या दारात आई. आणि आडवी पडलेली छोटी छोटी शिंगरं. एका हिवाळ्यात त्यांची शिंगरं थंडीने आजारी पडून मेली होती, कारण तिथे जनावरांचा डॉक्टर नव्हता. सारनायला तो डॉक्टर व्हायचं होतं. त्या शिक्षणाची पुस्तकं इंग्रजीत होती, म्हणून आईने काळजावर दगड ठेवून लेकीला इतक्या लांब पाठवलं होतं.

घंटा झाली की सारनाय उठून म्हणायची, "आय गो."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा सगूने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नये. जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं."

सारनायला काही कळेना. मग सगूने करूनच दाखवलं. "जाते," म्हणून ती फाटकापर्यंत गेली आणि पाठ फिरवून तिथेच बसून राहिली. मग पुन्हा, "येते," म्हणून फाटकापर्यंत गेली आणि तिथून पळत पळत परत आली. सारनायचे डोळे चमकले. आता कळलं.

"तर इंग्रजीत काय म्हणायचं?" सगू म्हणाली. "आय कम."

दोघींनाही ते अगदी बरोबर वाटलं. रोज घंटा झाली की सारनाय हात हलवायची आणि म्हणायची, "आय कम, सगू."

आणि तिथेच घोटाळा झाला. शाळेच्या मोठ्या बाई एक दिवस नव्या मुलांशी बोलायला वर्गात आल्या. बोलणं झाल्यावर त्या सारनायला म्हणाल्या, "गो." म्हणजे जा. सारनाय आदराने वाकली, म्हणाली, "आय कम," आणि दाराकडे निघाली.

बाई म्हणाल्या, "कम नाही. गो."

"आय कम," सारनाय पुन्हा म्हणाली, आणखी खाली वाकून.

सगळा वर्ग हसला. कुणी तिच्यासारखं वाकून दाखवलं. कुणी म्हणालं, "ही जाताना येते, मग येताना काय जाते का?" बाईंनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? सारनायने खिडकीबाहेर बोट केलं. तिथे सगू झारी घेऊन उभी होती.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्या हौसाला म्हणाल्या, "हौसाबाई, तुमच्या मुलीला तिच्यापासून जरा लांब ठेवा. चुकीचं एकदा पक्कं बसलं की निघत नाही. नुकसान त्या लेकराचं होईल."

"ठेवते, बाई," हौसा म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने सगूला सारनायपाशी बसू दिलं नाही.

त्यानंतर सारनायचं तोंड मिटलं ते मिटलंच. गालांचा रंग उतरला. रात्री तिला झोप येत नसे. डोळे मिटले की तंबूचं दार दिसायचं, पण आईचा आवाज काही केल्या आठवायचा नाही. खिडकीखाली पाणी घालताना सगूने मोठ्या बाईंना बोलताना ऐकलं. "शनिवारी तिला शेवटचं एकदा बोलायला उभं करू. नाहीच बोलली तर घरी पाठवू. पोर झुरतंय इथे, ठेवून कसं चालेल?"

सगूला वाटलं, हे माझ्यामुळे झालं. तशीच ती गुलाबांपाशी गेली आणि झारी वाकडी केली, पण पाणी येईना. भोकांतून मंद मंद उजेड झिरपत होता, चांदीच्या भुकटीसारखा. दुसरं कुणी असतं तर झारी आपटली असती. सगूने ती हळूच गवतावर आडवी ठेवली, आतलं पाणी सावकाश जाऊ दिलं आणि वाट बघत बसली.

झारीच्या तोंडातून एक इवलीशी परी बाहेर आली. चिंचेच्या पानाएवढे पाय, जांभळट निळे पंखुले, आणि केसांत दवाचे मोती. तिचे पंख ओले होते. सगूने फुंकर घालून ते वाळवले, अगदी हलकी फुंकर, आई गरम चहावर घालते तशी.

"आत झोपले होते गं," परी म्हणाली. "तू आपटली नाहीस. आता एक माग. पण स्वतःसाठी मागायचं नाही, हा आमचा नियम आहे."

"सारनायला सगळं इंग्रजी येऊ दे," सगू लगेच म्हणाली.

परीने मान हलवली. "माझ्याजवळ भांडार नाही, बाळा. लोकांना वाटतं परीकडे सगळं असतं. मी फक्त एकीकडचं दुसरीकडे नेते. तू देशील ते मी तिला नेईन, आणि दिलं की ते तुझ्याजवळ राहणार नाही. तुझं इंग्रजी नेलं तर त्यातल्या चुकाही जातील."

सगूने खूप विचार केला. शब्द तर सारनायकडे होते, आपणच दिले होते. मग अडत कुठे होतं?

"तिला तिच्या आईचा आवाज ऐकवशील?"

"समुद्रापलीकडचं मला उचलवत नाही. जवळचा एक आवाज आहे." परी थांबली. "तुझ्या आईचा. पण मग तुला तो ऐकू येणार नाही. आणि हे तू कुणाला सांगायचं नाहीस. सारनायने आपणहून परत दिला, तरच तो परत येईल."

सगूने घराकडे बघितलं. आई दारात बसून भाजी निवडत होती आणि गुणगुणत होती. सगूने ते गाणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, "ने."

क्षणात गुलाबांवर निळा उजेड सांडला आणि परी दिसेनाशी झाली. आईने वर बघून सगूला काहीतरी म्हटलं. सगूला फक्त ओठ हलताना दिसले.

त्या रात्री सारनायला कुणाचा तरी घोगरा आवाज ऐकू आला. गाण्यातलं तिला एक अक्षर समजलं नाही. पण आई कुठल्याही भाषेत आईच असते. सारनाय उशीत तोंड खुपसून रडली, आणि रडता रडता गाढ झोपली.

इकडे हौसाच्या जिवाला घोर लागला. हाक मारली तर पोर वळत नाही. "बहिरी झालीस का गं?" म्हणून ती रागावली, मग घाबरली. बाकी सगळं हिला ऐकू येतं, कावळा ऐकू येतो, घंटा ऐकू येते, मग माझंच का नाही? तिने लसूण घालून तेल कोमट केलं आणि दुखऱ्या हाताने सगूच्या कानात थेंब थेंब सोडलं. वर कितीतरी वेळ काहीबाही बोलत राहिली. सगू तिच्या ओठांकडे बघत पडून राहिली. सांगावंसं फार वाटत होतं. तिने दात ओठांवर घट्ट दाबून धरले.

शनिवारी सारनाय सगळ्या शाळेपुढे उभी राहिली. सगू मोगऱ्यापाशी होती, हातातली झारी रिकामीच होती. मोठ्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "बोल बाळा. काहीही बोल."

मग सारनायने तोंड उघडलं. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण ती थांबली नाही. ती म्हणाली, "माझ्या देशात कुणी लांब निघालं की आई मागून दूध शिंपडते. म्हणजे वाट पांढरी होते आणि जाणारा परत येतो. मी निघाले तेव्हा माझ्या आईनेही शिंपडलं. इथे दूध शिंपडत नाहीत. इथे म्हणतात, आय कम. सगूने मला सांगितलं. दोन्ही एकच आहे. मी चुकले असेन, पण मला परत यायचं होतं, म्हणून मी तसं म्हणाले."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कुठल्या तरी लांबच्या देशाचा मुलगा होता, तो बाहीने डोळे पुसत होता.

मोठ्या बाई पुढे आल्या आणि तिच्यापाशी बसल्या. "माझी आईसुद्धा मला कधी जाते म्हणू द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत गो असंच म्हणावं लागतं, सारनाय. पण त्याला जोडून म्हण, आय विल कम बॅक. मी परत येईन. मग तुझ्या आईचं दूधही आलं आणि सगूचं 'येते'सुद्धा आलं." मग त्या खिडकीकडे वळल्या. "सगू, झारी ठेव आणि आत ये. तुलाही हे बरोबर शिकायला हवं. पाण्यासाठी मी माणूस बघते, तुमची मजुरी बुडणार नाही."

सगूने झारी ठेवली, पाय गवताला पुसले आणि आत गेली. सारनायने बाकावर सरकून तिला जागा केली.

दिवेलागणीला सारनाय सगूच्या घरी आली. हौसा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "ये बाई, बस. भाकरी खाशील ना?"

सारनाय उंबऱ्यातच थांबली. हा आवाज. रोज झोपताना कानाशी येणारा तो हाच. तिने सगूकडे बघितलं. सगू आईच्या ओठांकडे एकटक बघत होती, काय म्हणाली असेल ते ओळखत होती. आणि सारनायला सगळं समजलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, सगूने तर नाहीच.

ती सगूजवळ गेली. दोन्ही हातांची ओंजळ तिने सगूच्या कानाशी धरली, पाणी ओतावं तशी. "तुझं आहे," ती म्हणाली. "घे."

चुलीमागच्या अंधारात चांदीची भुकटी उडाली. जांभळे निळे पंखुले एकदा फडफडले आणि परीचा बारीक आवाज आला, "मागून घेतलेलं एकाचंच राहतं. आपणहून परत दिलेलं दोघींचं होतं." घरभर उजेड पसरला, मातीच्या भिंती क्षणभर केशरी, गुलाबी, सोनेरी झाल्या. मग उजेड पत्र्याच्या फटीतून वर वर गेला आणि चांदण्यांत मिसळला.

"चुलीला आज काय झालंय," हौसा डोळे चोळत म्हणाली. "सगू, जरा फुंकणी दे गं."

सगू जागची हलली नाही.

"अगं, फुंकणी दे म्हणते."

"आई, पुन्हा म्हण," सगू म्हणाली.

"काय म्हणू? फुंकणी?"

"हो. तेच म्हण."

हौसाने लेकीकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले, पण तिने विचारलं काहीच नाही. तिने एका हाताने सगूला आणि एका हाताने सारनायला जवळ ओढलं आणि म्हणत राहिली, फुंकणी दे गं, सगू, फुंकणी दे, आणि म्हणता म्हणता त्याचंच गाणं झालं.

ज्या आईचं लेकरू लांब आहे, त्या लेकराला तिथे एखादी सगू भेटो.