घराण्याचे दार

देव भावाचा भुकेला होता आणि भक्त प्रसादाचा, त्या काळची ही गोष्ट. एका गणेशमंदिराच्या गाभाऱ्यात, भिंतीतील बिळात मोरोबा नावाचा उंदीर सहकुटुंब राहत असे. प्रसाद नाकारू नये, हा त्याच्या घराण्याचा नियम. म्हणून सांडलेला प्रत्येक पेढा तो भक्तिभावाने संपवी.

चार पावले चालताच त्याला धाप लागे. "आमच्या घराण्यात हे चालतच आलं आहे," तो अभिमानाने सांगे. "आजोबांना होतं, बाबांनाही होतं." बिळाचे दार अंगाला घासू लागले की प्रत्येक पिढी ते कुरतडून रुंद करी.

त्याची सून दुर्वा मात्र प्रसादाचा कण मस्तकी लावून खाई आणि पिलांसह रोज देवाला प्रदक्षिणा घाली. एकदा ती म्हणाली, "मामंजी, प्रसाद कणभरच घ्यावा. आपण देवाचं वाहन. अशानं देवालाच आपल्याला वाहून न्यावं लागेल!"

"काल सासरी आलेली तू, मला भक्ती शिकवतेस? त्या पिलांना पेढा दे, आणि दार आणखी बोटभर कुरतड."

दुर्वेने दोन्हीपैकी काहीच केले नाही. दार मोरोबानेच कुरतडले.

दुसऱ्या दिवशी मांजर आली. दुर्वा आणि पिले बिळामागच्या फटीतून निसटली. मोरोबाचे डोके फटीत गेले. पोट अलीकडेच राहिले.

मांजर दारातून सहज आत आली आणि म्हणाली, "काय हे प्रशस्त दार, मोरोबा! तुमच्या पणजोबांच्या काळी माझ्या पणजीची इथे मिशीसुद्धा शिरत नव्हती."